वेल्सचा किनारा : आगगाडीने वसवलेली सुट्टीची गावे

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगाचा डोंगराळ प्रदेश. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंना त्याला समुद्र आहे. २०१२ साली पूर्ण झालेली त्याच्या किनाऱ्याची पायवाट सुमारे १,४०० किलोमीटर भरते. या वाटेवर मासेमारीची खेडी लागतात, किल्ले लागतात, वाऱ्याने झोडपलेली भूशिरे लागतात आणि मधूनमधून एका वेगळ्याच घडणीचे गाव समोर येते. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली तीन-चार मजली घरांची सलग ओळ, तिच्यापुढे रुंद फरसबंद रस्ता, त्याच्या पलीकडे पुळण, आणि पुळणीवरून थेट पाण्यात शिरलेला, लोखंडी खांबांवर लाकडी फळ्या टाकून केलेला लांबलचक धक्का. या धक्क्याला तिथे 'पिअर' म्हणतात. पूर्वी त्याला आगबोटी लागत. आता लोक त्यावरून पाण्यावर चालत जातात, टोकाशी उभे राहून वारा खातात आणि परत येतात. अशी गावे सुट्टीसाठीच बांधली गेली. ती कोणी बांधली आणि कोणासाठी, हे कळले की तिथली प्रत्येक इमारत बोलू लागते.

सुरुवात औषधाने झाली. १८व्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचे पाणी गुणकारी असते असे ग्रंथ लिहून मांडले. ते प्यायचे आणि त्यात बुचकळ्याही मारायच्या. ऐपतदार रुग्ण किनाऱ्याकडे निघाले. पुढे नेपोलियनशी युद्ध जुंपले, युरोपची वाट बंद झाली, आणि इटली-फ्रान्सला जाणाऱ्या श्रीमंतांना आपल्याच बेटावर हवापालटाची जागा शोधणे भाग पडले. वेल्सच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या टेन्बीला त्याचा लाभ झाला.

टेन्बीचे वेल्श नाव दिन्बिख-अ-पिस्गॉद, म्हणजे माशांचा छोटा कोट. १३व्या शतकातली तटबंदी आजही गावाला वेढून आहे. मध्ययुगात भरभराटलेले हे बंदर १८व्या शतकात पार खचले होते. त्याला वर काढणारा पैसा आला तो कलकत्त्याहून. विल्यम पॅक्स्टन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी होता, व्यापार आणि सावकारीही करत होता. बंगालमध्ये अफाट कमाई करून तो परतला, कारमार्दनशायरमध्ये मोठी जहागीर विकत घेतली आणि १९व्या शतकाच्या आरंभी त्याने टेन्बीत जागा घ्यायला सुरुवात केली. १८०६ साली त्याची स्नानगृहे सुरू झाली. पाहुण्यांसाठी त्याने खाणावळ सुधारली, घरे आणि घोड्यांचे तबेले बांधले, आणि बंदरावरून जाणारा कमानींचा रस्ता स्वतःच्या खर्चाने करून दिला. बंगालमधली ती कमाई कशी झाली हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. टेन्बीच्या बंदरावर उभे राहताना ते ध्यानात ठेवायला हवे.

आजचे टेन्बी वेल्समधले सर्वांत देखणे किनारी गाव म्हणायला हरकत नाही. फिकट गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगांची घरे कड्यावरून अर्धगोल बंदराकडे उतरत येतात. समोर सेंट कॅथरिन नावाचा खडक आहे. त्यावर १८६०च्या दशकात फ्रेंच हल्ल्याच्या धास्तीने बांधलेला किल्ला. सुकती लागली की या खडकापर्यंत कोरड्या पायांनी चालत जाता येते, आणि भरती आली की तो पुन्हा बेट होतो. पलीकडच्या कॅल्डी बेटावर सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ आहे. उन्हाळ्यात तिकडे होड्या जातात, आणि मठातली अत्तरे व चॉकलेट घेऊन पाहुणे परततात. गणिताशी थोडीफार ओळख असलेल्या कोणालाही टेन्बीत आणखी एक धागा सापडतो. बरोबरचे चिन्ह, म्हणजे दोन समांतर रेघा, १५५७ साली छापील पुस्तकात पहिल्यांदा वापरणारा रॉबर्ट रेकॉर्ड इथलाच.

बाकीची बहुतेक गावे मात्र आगगाडीची लेकरे आहेत. वेल्सच्या नकाशावर लोहमार्ग पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे, इंग्लंडच्या शहरांकडून किनाऱ्याकडे धावतात, आणि वेल्सच्या उत्तरेतून दक्षिणेत किनाऱ्याने जाणारा सलग मार्ग नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या अ‍ॅबरिस्टविथहून दक्षिणेकडे कारमार्दनला जाणारी गाडी होती, तीही १९६५ साली बंद झाली. त्यामुळे रुळाच्या दुसऱ्या टोकाला जे शहर, तेच त्या गावाचे गिऱ्हाईक. उत्तर किनाऱ्यावर लिव्हरपूल-मँचेस्टरची माणसे आली, मध्य किनाऱ्यावर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली, आणि दक्षिणेला कोळशाच्या खोऱ्यांतले वेल्श खाणकामगार. ही विभागणी आजही कानांना कळते. गावागणिक पाहुण्यांचा हेल बदलतो.

उत्तर किनाऱ्याची राणी लॅन्डिड्नो. हे नाव दोन 'एल'ने सुरू होते. जीभ 'ल'च्या जागी टेकवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडली की जो फुसकारता ध्वनी निघतो, तो त्याचा खरा उच्चार. इथे ग्रेट ऑर्म आणि लिटल ऑर्म या चुनखडीच्या दोन भूशिरांमध्ये चंद्रकोरीसारखा उपसागर आहे. त्यामागची जमीन दलदलीची होती आणि ती मॉस्टिन या जमीनदार घराण्याच्या मालकीची. १८४८ साली लिव्हरपूलच्या ओवेन विल्यम्स या सर्वेक्षकाने तिथे सुट्टीचे नगर वसवण्याचा आराखडा मॉस्टिनांपुढे ठेवला. त्याच वर्षी चेस्टरहून होलिहेडकडे जाणारा लोहमार्ग या किनाऱ्याने सुरू झाला होता. जमीनदाराने भूखंड विकले नाहीत, भाडेपट्ट्याने दिले, आणि रस्त्यांची रुंदी, इमारतींची उंची, दर्शनी भागाचा घाट यांवर आपली हुकमत ठेवली. एकाच मालकाच्या या शिस्तीमुळे लॅन्डिड्नो आजही अखंड दिसते. समुद्राकाठी हॉटेलांची एकसंध कोर आणि दुकाने मागच्या रस्त्यावर. पावसात भिजू नये म्हणून त्या दुकानांपुढे लोखंडी खांबांवर काचेची छपरे आहेत. वेल्सच्या हवेत ही मोठीच सोय.

इथला पिअर १८७७चा, सुमारे ७०० मीटर लांबीचा, वेल्समधला सर्वांत लांब. काठावर कॉडमन कुटुंबाचा 'पंच अँड जुडी' हा बाहुल्यांचा खेळ १८६०पासून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ग्रेट ऑर्मवर चढायला ट्राम आहे. १९०२-०३ साली सुरू झालेली ही ट्राम रस्त्याखालून जाणाऱ्या पोलादी दोराने ओढली जाते. एका दोराला दोन डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो, आणि उतरणाऱ्याचे वजन चढणाऱ्याच्या कामी येते. अर्ध्या वाटेवर उतरून दुसऱ्या ट्राममध्ये बसावे लागते, आणि त्याच ठिकाणी दोर गुंडाळणारी यंत्रे काचेतून पाहता येतात. जवळच तांब्याची खाण आहे. १९८७ साली गाडीतळासाठी जागा तपासताना ती उजेडात आली आणि कांस्ययुगातली, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची निघाली. हाडांच्या टोच्यांनी आणि दगडी हातोड्यांनी कोरलेली काही भुयारे इतकी अरुंद आहेत की त्यांत लहान मुलेच शिरली असणार.

याच डोंगरावर लांब वळलेल्या शिंगांच्या पांढऱ्या शेळ्यांचा कळप मोकळा चरतो. त्या काश्मिरी वंशाच्या. त्यांचे पूर्वज विंडसरच्या राजकळपातून मॉस्टिनांकडे आल्याचे सांगितले जाते. ब्रिटिश फौजेतल्या वेल्श पलटणीचा मानाचा बोकड कधीकधी याच कळपातून निवडतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडले तेव्हा या शेळ्या सरळ गावात उतरल्या, लोकांच्या बागांची कुंपणे खाऊ लागल्या, आणि त्यांची चित्रे जगभर गेली.

अ‍ॅबरिस्टविथची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. लोहमार्गाचा ठेकेदार टॉमस सॅविन याने तिथे समुद्रावर किल्ल्यासारखे भव्य हॉटेल उभारायला घेतले. लंडनहून परतीचे तिकीट काढणाऱ्याला आठवडाभर राहणे फुकट, अशी त्याची योजना होती. आजच्या 'पॅकेज टूर'ची ती पणजीच म्हणायची. १८६४ साली गाडी आली, पुढच्या वर्षी पिअर झाला, आणि १८६६ साली सॅविनचे दिवाळे निघाले. अर्धवट इमारत १०,००० पौंडांना विकायला निघाली आणि वेल्सला स्वतःचे विद्यापीठ हवे म्हणून धडपडणाऱ्या मंडळींनी ती घेतली. १८७२ साली तिथे २६ विद्यार्थ्यांनिशी कॉलेज सुरू झाले. प्रार्थनामंदिरांतून गोळा केलेल्या गरिबांच्या पेन्यांवर ते तगले. पाहुण्यांसाठी बांधलेल्या इमारतीतून एका लोकसमूहाचे शिक्षण उभे राहिले, ही या किनाऱ्यावरची सर्वांत सुंदर घटना आहे. वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालयही याच गावात, टेकडीवर आहे. गावाच्या उत्तर टोकाला कॉन्स्टिट्यूशन हिलवर चढणारी १८९६ची कडारेल्वे आहे. समुद्रकाठच्या रस्त्याने टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जायचे आणि तिथल्या लोखंडी कठड्याला पायाने ठोकर मारून परतायचे, हा इथला रिवाज. विद्यार्थी पाळतात, म्हातारेही पाळतात. त्याचे कारण विचारले तर प्रत्येक जण वेगळे सांगतो.

तिथून उत्तरेला बार्मथ. मॉदाख नदीच्या खाडीवरून १८६७ साली बांधलेला लाकडी रेल्वेपूल ओलांडून गाडी गावात शिरते, आणि गाडीच्या खिडकीतून दिसणारे पाणी, वाळू आणि मागचा डोंगर यांच्या तोडीचे दृश्य ब्रिटनमध्ये फार थोडे आहे. पुलाला लागून पायवाटही आहे. गावावरच्या दिनास ऑलेऊ या चढणीचा सुमारे साडेचार एकरांचा तुकडा फॅनी टॅल्बट या बाईंनी १८९५ साली नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला दिला. आज लाखो एकरांची जमीन आणि शेकडो वाडे राखणाऱ्या त्या संस्थेची ती पहिली मालमत्ता.

दक्षिणेचा किनारा कष्टकऱ्यांचा. बॅरी हे आधी बंदर. १८८९ साली गोदी उघडली आणि १९१३पर्यंत तिथून जगात सर्वाधिक कोळसा बाहेर जाऊ लागला. गोदीमुळे बॅरी आयलंड हे बेट जमिनीला जोडले गेले आणि १८९६ साली तिथे आगगाडी पोचली. मग आठवडाभर ज्या खोऱ्यांतून कोळशाच्या वाघिणी उतरत, त्याच खोऱ्यांतून सुट्टीच्या दिवशी कोळसा काढणाऱ्यांची बायकामुले उतरू लागली. पगारी रजेचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली झाला. त्याआधी सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी, म्हणून सहल एका दिवसाचीच असे. दुसऱ्या महायुद्धानंतर जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा हा 'खाणकामगारांचा पंधरवडा' रूढ झाला. खाणी बंद, खोरी ओस, आणि याच किनाऱ्यावरच्या पोर्थकॉल गावाच्या ट्रेको बेवर चाकांच्या घरांच्या रांगाच रांगा. गल्लीत जे शेजारी, तेच तिथेही शेजारी. वर्षाचे पन्नास आठवडे अंधारात राबणाऱ्या माणसांना हे दोन आठवडे आकाशाखाली मिळत. या किनाऱ्याचे खरे मोल इथे कळते.

पोर्थकॉलच्या ग्रँड पॅव्हिलियन या १९३२च्या घुमटाकार सभागृहात ५ ऑक्टोबर १९५७ रोजी खाणकामगारांचा आयस्टेडफॉड, म्हणजे गाण्या-कवितांचा वेल्श मेळावा, भरला होता. प्रमुख पाहुणा न्यूयॉर्कमध्ये होता. कृष्णवर्णीय अमेरिकन गायक पॉल रोबसन याचा पासपोर्ट त्याच्या राजकीय मतांपायी अमेरिकी सरकारने १९५० साली काढून घेतला होता. वेल्श खाणकामगारांशी त्याचे जुने नाते होते, १९४०च्या एका चित्रपटात त्याने त्यांच्यातल्याच एकाची भूमिका केली होती. मेळाव्याच्या आदल्या वर्षीच अटलांटिकच्या तळातून टेलिफोनची पहिली केबल सुरू झाली होती. कामगारांनी तीच वाट धरली. न्यूयॉर्कच्या खोलीत रोबसन गायला, त्याचा खर्ज समुद्राखालून येऊन पोर्थकॉलच्या सभागृहात भरला, आणि इथल्या हजारो गळ्यांनी त्याला परत गाऊन उत्तर दिले. पुढच्या वर्षी पासपोर्ट मिळाल्यावर तो वेल्सला येऊन प्रत्यक्ष गायला.

१९६०-७०च्या दशकांत स्वस्त विमानांनी लोकांना स्पेनच्या उन्हात नेले आणि हा सगळा डोलारा हलला. उत्तरेच्या ऱ्हिलला सर्वांत मोठा फटका बसला. १९६२ साली हॉवरक्राफ्टची जगातली पहिली प्रवासी सेवा जिथून सुटली, त्या गावाचा पिअर १९७३ साली पाडला गेला आणि पाहुण्यांच्या घरांमध्ये भाड्याच्या एकेक खोल्या झाल्या. कोल्विन बेचा पिअर २०१८ साली उतरवला. बॅरीत बटलिन्स कंपनीने उभारलेले सुट्टीशिबिर १९९६ साली बंद झाले. लोखंड आणि लाकूड खाऱ्या हवेत फार काळ तग धरत नाही, देखभाल महाग असते, आणि गिऱ्हाईक आटले की प्रथम तीच थांबते.

जिथे गिऱ्हाईक आटले नाही तिथे प्रश्न उलटा आहे. अ‍ॅबरसॉखसारख्या देखण्या गावांत श्रीमंत बाहेरगावकरांनी सुट्टीपुरती घरे घेऊन ठेवली. किमती स्थानिक तरुणांच्या आवाक्याबाहेर गेल्या, आणि हिवाळ्यात खिडक्यांत दिवा लागेनासा झाला. मुले उरली नाहीत म्हणून तिथली शाळा २०२१च्या अखेरीस बंद झाली. यात घरांबरोबर भाषाही जाते. २०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या फक्त १७.८ टक्के लोकांना वेल्श बोलता येत होती, आणि जिथे ती बाजारात, अंगणात बोलली जाते ती वायव्य-पश्चिमेची गावे नेमकी हीच. म्हणून एप्रिल २०२३पासून स्थानिक परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर मूळ घरपट्टीच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावण्याचा अधिकार मिळाला. २०२५च्या कायद्याने मुक्कामी पाहुण्यांकडून रात्रीमागे छोटी पट्टी घेण्याचीही मुभा परिषदांना दिली. ही पट्टी रास्त आहे. ज्या रस्त्यावर पाहुणा फिरतो तो वर्षभर कोणीतरी राखतोच.

बार्मथच्या समोर, खाडीपलीकडे फेअरबोर्न आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस एका पिठाच्या कारखानदाराने सखल जमिनीवर ते वसवले. समुद्राची पातळी चढते आहे आणि बांध कायमचा राखणे परवडणार नाही, म्हणून २०५४च्या सुमारास बांधाची राखण थांबेल असे तिथल्या किनारा-धोरणात लिहिले गेले. ते जाहीर होताच तिथल्या घरांवर कर्ज मिळणे अवघड झाले. रहिवासी या मुदतीशी आजही झगडत आहेत.

या किनाऱ्यावर जायचे तर मे-जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेर शाळांना सुट्टी असते, गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. भर उन्हाळ्यातही समुद्राचे पाणी १५ ते १७ अंशांच्या आसपासच राहते, आणि पावसाचा अंगरखा बारा महिने पिशवीत लागतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्यावाचून पुळणीवर लांब जाऊ नये. बॅरी आणि पेनार्थच्या बाजूला मोठ्या उधाणाला पाणी १२ मीटरच्या आसपास, म्हणजे चार मजल्यांएवढे चढते. लॅन्डिड्नोला लंडनहून गाडीने साधारण तीन-साडेतीन तास लागतात, अ‍ॅबरिस्टविथला बर्मिंगहॅम-श्रूजबरीवरून, टेन्बीला स्वान्सीवरून जायचे. एका फेरीत उत्तर आणि दक्षिण दोन्ही किनाऱ्याकिनाऱ्याने पाहायचे असेल तर मधल्या टप्प्यासाठी बस किंवा मोटार धरावी लागते.

खाण्यात तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड काप सर्वत्र. तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या वेल्श केक नावाच्या चपट्या टिकल्या गरम असतानाच खाव्यात. दक्षिणेत लेव्हर हे खडकावरचे शेवाळ तासन्‌तास शिजवून, ओटच्या पिठात घोळवून परततात. त्याला समुद्राचीच चव असते. मुलांसाठी 'रॉक' ही साखरेची कडक कांडी आहे. ती कुठेही तोडली तरी आत गावाचे नाव दिसते. रंगीत पाकाच्या पट्ट्यांनी मनगटाएवढी अक्षरे आधी रचतात, त्यांभोवती पांढरा पाक आणि बाहेर गुलाबी थर देऊन मांडीएवढा गोळा करतात, आणि तो ऊन असतानाच ओढत ओढत बोटाएवढा बारीक करतात. अक्षरेही सोबत बारीक होत जातात.

हिवाळ्यात बरीच हॉटेले बंद असतात, पण अ‍ॅबरिस्टविथला तेव्हाही लोक मुद्दाम जातात. ऑक्टोबर ते मार्चमध्ये संध्याकाळी साळुंकीसारखे हजारो पक्षी, ज्यांना तिथे स्टार्लिंग म्हणतात, मुक्कामाला पिअरवर येतात. सूर्य बुडताना त्यांचा थवा समुद्रावर ढगासारखा पसरतो, आवळतो, वळतो, आणि अंधार पडता पडता फळ्यांखालच्या लोखंडी तुळयांमध्ये एकदम ओतल्यासारखा उतरतो. काठावर उभे असलेले लोक मग कॉलर वर करून घरांकडे वळतात. जाता जाता कोणी कठड्यापर्यंत जाऊन पायाने ठोकर मारून येतो.